मासिकातलं पानदान

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही, आणि मस्तगडच्या रद्दीवाल्यावर तर मुळीच नाही. जुन्या वस्तू आणि नक्षीकाम यांवरची इंग्रजी मासिकं त्याच्याकडे येतात आणि मी त्यांचे मागचे अंक जमवतो. असली गुळगुळीत मासिकं जालन्यात घेतं तरी कोण, असं विचारलं की तो गठ्ठ्याची दोरी सोडत बसतो. त्याचाही माझ्यावर डोळा असतोच. सगळे रद्दी विकायला येतात आणि हा विकत घेतो, म्हणजे यात काहीतरी गोम असणार, असं त्याला वाटतं.

मागच्या वर्षी एका अंकात मला आत्याचं पानदान दिसलं. म्हणजे हुबेहूब तसंच. बिदरी, काळंभोर, अंगावर चांदीच्या तारेची वेल. केदारखेड्याला तिच्याकडे गेलो की त्यातलंच पान मी खात आलोय. अंक पिशवीत घातला आणि तिला दाखवायला निघालो. तिथूनच सगळं बिनसलं.

आत्यानं चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं, मग अंक मुलाकडे सरकवून काहीतरी पुटपुटली. त्यानं मोबाइल काढून फोटो घेतला. वर, असल्या वस्तूला गिऱ्हाईक असतं का, असंही विचारलं. मी विषय बदलला, पण मनात पाल चुकचुकली.

पुढच्या खेपेला पान आलं ते स्टीलच्या डब्यातून. फळीवर पानदान नव्हतं. माझं डोकंच फिरलं. तोंडानं काही विचारलं नाही, पण पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघर बघून आलो, माळ्यावरही नजर टाकली. मुलगा नेमका तेव्हाच उठून बाहेर गेला. मला तेवढं पुरे होतं. जालन्यात परतल्यावर भांड्यांच्या दुकानात जाऊन मोडीचा ढीग उपसला. चेपलेल्या घागरी होत्या, फुटके तांबे होते. पानदान नव्हतं. म्हणजे त्यानं थेट एखादं मोठं गिऱ्हाईक गाठलं असणार, असं मी बायकोला सांगितलं. संशय घेतल्याशिवाय तुम्हाला जेवण जात नाही, असं ती म्हणाली.

दिवाळीनंतर आत्याचा मुलगा कापूस विकायला गेला होता, तेव्हा मुद्दाम गेलो. आत्या एकटीच सुपारी कातरत होती. बोलता बोलता मी वाकून पलंगाखाली बघितलं.

"कशाला शोधून राह्यलास? पेटीत हाय ते. कुलूप घातलंय."

माझा जीव भांड्यात पडला. पोरापासून लपवलंस ते बरं केलंस, असं मी म्हणालो. तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"त्याला काय करायचंय त्याचं? फोटो बी मीच काढाय लावला, मला बारीक दिसत न्हाई म्हणून. कुलूप तुझ्यासाठी घातलंय."

मला भयंकर राग आला. मी काय चोर आहे का, असं काहीबाही बोललो, आवाजही चढला. कमरेची किल्ली काढून तिनं माझ्या हातावर ठेवली.

"आधी तू पान खायला येत व्हतास, बाबा. आता पुस्तकातलं पान दाखवायला येतोस. खुशाल घेऊन जा ते. पण मंग यायचं बंद करू नको."

मला रडूच आलं. किल्ली तिच्या हातात परत कोंबली. मला ते नको, मी तुझ्यासाठी येतो, असं तिला सांगितलं. तिनं किल्ली कमरेला खोचली, पानाला चुना लावायला घेतला, आणि मान वर न करता विचारलं,

"मंग आज पिशवीत काय आणलंस?"

पिशवीत वाटेत घेतलेला आणखी एक अंक होता. काही नाही, असं मी म्हणालो आणि पिशवी पायानं मागं सरकवली.