तिकिटावरचे पालथे धरण

१. आमच्या जलविद्युत धरणाचे टपाल तिकीट निघाले. त्यावर वीजघर नदीच्या चुकीच्या काठावर छापले गेले.
२. चित्र आमच्याच संकल्पन कार्यालयाने पाठवले होते.
३. दोष नकाशे गिरवणाऱ्या शकुंतलाबाईंवर आला. त्यांची बढती थांबली.
४. गेल्या महिन्यात मला त्यांनी पारदर्शक कागदावर गिरवलेले मूळ ट्रेसिंग सापडले. त्यात वीजघर योग्य काठावर आहे.

भोयर सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिताना हे आधी सांगणे भाग आहे, कारण सरांची आणि माझी ओळख याच तिकिटामुळे झाली. निवृत्तीनंतरही सर नागपूरच्या याच संकल्पन कार्यालयात नव्या अभियंत्यांना शिकवायला येत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात तिकीट आणि भिंग दिले. "चूक शोधा, मग चहा."

मला अकरा मिनिटे लागली.

"अकरा? मी तर तुले हुशार समजून राहिलो होतो वं," सर म्हणाले. "ट्रेसरबाईनं कागद पालथा ठेवला, अन् धरणच फिरलं." सगळे हसले. मीही हसले.

माझी आई धंतोलीत दवाखान्यात होती, तेव्हा सर आठ दिवस रोज डबा घेऊन आले. तिथल्या बाकावर बसून त्यांनी माझी आकडेमोड तपासली आणि एक चूक काढली. "सही म्हणजे मी स्वतः पाहिलं," असे ते म्हणाले. ते वाक्य मी पाळते.

म्हणूनच टपाल खात्याकडे गेलेल्या चित्राची कार्यालयीन प्रत मी शोधली. तिकिटासाठी नकाशावरची अक्षरे झाकून काढलेली ती प्रत उलटी आहे. तिच्यावर शाईने 'तपासले' लिहिलेले आहे, सुलट, म्हणजे प्रत उलटी निघाल्यानंतर. खाली सरांची सही आहे.

ट्रेसिंग घेऊन मी सक्करदऱ्याला शकुंतलाबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून कोपऱ्यातली आपली आद्याक्षरे पाहिली.

"प्रत काढाले मी नव्हतीच. मले कोणी विचारलंच नाही वं."

"मग तुम्ही काहून बोलल्या नाही?"

"साहेबाच्या सहीपुढं माझं कोण ऐकते? साहेब अजून दाखवून राहिले काय ते तिकीट पोरींले?"

या गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर तेच तिकीट आहे, आणि आणखी एका लेखात ट्रेसरबाईंचा तोच किस्सा आहे. प्रत पालथी कोणी काढली, मला माहीत नाही. सरांनी न पाहता सही केली, की नंतर चूक कळूनही ते गप्प राहिले, हेही नाही. संशय आहे, निष्कर्ष काढलेला नाही.

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि अजून पुष्कळ मुलींच्या चुका त्यांनी काढाव्यात. शकुंतलाबाई ब्याऐंशीच्या आहेत. हा लेख छपाईआधी सरांकडे पाठवत आहे. ग्रंथ शनिवारी छपाईला जाईल. सरांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. ते याच पानावर छापले जाईल.