माप कोणी आणून दिलं?

आधीच सांगते, मी रक्त तपासणारी बाई आहे. नैरोबीच्या एका लॅबमध्ये उभी हयात काचपट्ट्या बघण्यात गेली. जे भिंगाखाली दिसत नाही ते नसतंच, असं मी कायम ठणकावून सांगत आले. इथल्या मराठी मंडळात कोणी भुताखेतांचा विषय काढला की मी तिथून उठून जायचे. त्यामुळे हे लिहायला मला सहा वर्षं लागली... आणि आत्ताही थोडं खजील व्हायला होतंय. माझं मराठी मंडळाच्या कपाटातले दिवाळी अंक वाचून टिकलेलं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी आणि माझा धाकटा भाऊ मुकुंद, दोघांचा जन्म मैसूरचा. लष्कर मोहल्ल्यात आमचं घर होतं. घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, अशी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली शिंप्यांची घरं आहेत, त्यांतलंच एक. राज्याचं नाव अजून कर्नाटक झालं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. मी पाच वर्षांची आणि मुकुंद दहा महिन्यांचा असताना आई गेली. काही महिन्यांतच वडील आम्हाला घेऊन बोटीने आफ्रिकेला, आत्याकडे आले. युनिफॉर्म शिवणाऱ्या दुकानात कटर म्हणून लागले आणि पुन्हा कधी भारतात गेले नाहीत. निघताना त्यांनी आईच्या साड्या, कपडे, सगळं वाटून टाकलं होतं. लग्नाचा एकच फोटो होता, तो बोटीवर भिजून गेला. नंतर घरात तिचं नावही निघालं नाही.

मला निदान थोडं आठवतं. मशीनच्या पायडलवरची तिची पावलं, दातांनी दोरा तोडताना वाकडी होणारी मान. मुकुंदकडे काहीच नाही. त्यात आत्या एकदा कोणाला तरी म्हणाली होती, "याच्या बाळंतपणात ती जी अंथरुणाला खिळली, ती उठलीच नाही." तो सात-आठ वर्षांचा होता, दाराआड उभा होता. त्या दिवसापासून त्याने मनात धरलं, की आई आपल्यामुळे गेली, आणि तिने आपल्याला कधी धड उचलूनही घेतलं नसणार. पुढे जनावरांचा डॉक्टर झाला, नातवंडं झाली, पण हे काही त्याच्या मनातून गेलं नाही.

रिटायर झाल्यावर तो म्हणाला, "अक्का, एकदा जाऊन येऊ या. तिला ओळखणारं कोणीतरी असेल." आमच्याकडे ताई नाही, अक्काच. मी आधी टाळलं, मग गेले. डिसेंबर होता. अग्रहार भागात एका लॉजवर उतरलो आणि दोन दिवस लष्कर मोहल्ला पालथा घातला. आमच्या घराच्या जागी आता स्कूटरचे पार्ट विकायचं दुकान आहे. जुनं माणूस एकही सापडलं नाही.

आता मैसूरला जाऊन सिल्कची साडी न घेता परतणं, एवढा काही माझा मनोनिग्रह नाही. साडी घेतली, आणि तिथल्या तिथे ब्लाउज शिवून घ्यावा म्हणून मोहल्ल्यातल्याच एका लेडीज टेलरकडे गेले. एकटीच गेले, मुकुंद लॉजवर झोपला होता. दुकान सुमा नावाची चाळिशीची बाई चालवते. आमच्याच समाजातली, दुकान सासऱ्यांच्या वेळचं. मी हात पसरून मापाला उभी राहिले, तर ती टेपला हात लावेना.

"टेपनं घेतलं की नीट बसत नाही अक्का," ती म्हणाली. "अळते ब्लाउज द्या. तुमाला बसणारा, जुना कुठला पण."

अळते म्हणजे माप. तिकडे अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज माप म्हणून शिंप्याला द्यायची पद्धत आहे. कित्येक बायका तर तो कायमचा त्याच्याकडेच ठेवून देतात. मला हे ठाऊकच नव्हतं. "उद्या सकाळी आणून देते," म्हटलं आणि निघाले. परवा आम्हाला बंगळूरची गाडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंजनगूडची ट्रेन पकडायच्या घाईत मी ते साफ विसरले. मापासाठी काढलेला ब्लाउज लॉजच्या पलंगावरच राहिला. नंजनगूडला आई तिच्या मामांकडे वाढली होती. मुकुंदची शेवटची आशा ती. देवळामागच्या गल्लीत एक फुलवाली म्हणाली, शिंप्यांची घरं होती पूर्वी, आता कोणी नाही. बस, एवढंच.

स्टेशनवर परतीच्या गाडीला अजून अडीच-तीन तास होते. मुकुंद बाकावर बसला आणि म्हणाला, "तू मोठी होतीस. बाबांना कधी विचारावंसं वाटलं नाही तुला?" ऊन होतं, पाय दुखत होते, आणि पन्नास वर्षं तेच ते ऐकून माझे कान किटले होते. मी म्हटलं, "पुरे आता. गेली ती गेली. तू कोण हे तिला धड माहीत तरी होतं का?"

हे मी बोलले. सख्ख्या भावाला. त्याची मला अजून लाज वाटते.

तो उठून प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभा राहिला. गाडीतही माझ्याकडे पाठ करून बसला. मैसूरला उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. तिथे मला ब्लाउजची आठवण झाली. लॉजवर जाऊन तो घेतला आणि रिक्षाने सुमाचं दुकान गाठलं. मुकुंदला एकटं सोडवेना, म्हणून त्यालाही ओढत नेलं.

"बन्नी अक्का, कूतकोळ्ळी," सुमाने स्टूल पुढे सरकवलं. "आयतु. झाला तुमचा ब्लाउज."

"झाला? अहो, माप तर आत्ता आणलंय मी."

"तुमची मुलगी देऊन गेली की. दुपारी. साडेबारा झाले असतील, मी डबा उघडत होते."

मला दोन मुलगे. मुलगी नाही. सुना हजारो मैल लांब. मी तसं सांगितलं.

"मुलगीच वाटली बघा," सुमा म्हणाली. "तुमचंच नाक, तुमचंच कपाळ. पंचविशीची असेल. आपलंच मराठी बोलत होती, आमच्या सासूबाई बोलायच्या तसं. बोलली, काल साडीचा ब्लाउज टाकून गेली ना, तिचं हे अळते. दोन बोटं सैल ठेवा, आता वय झालंय तिचं. मला हसूच आलं. मग विचारली, दोघं भांडत नाहीत ना? मी बोलले, गोत्तिल्ला अम्मा, मला काय माहीत, अक्का तर एकट्याच आलत्या. थोडा वेळ उभी राहिली नि गेली."

तिने माप म्हणून आलेला ब्लाउज माझ्या हातात दिला. निळं पॉपलीन, त्यावर बारीक पांढरे ठिपके, धुऊन धुऊन विरलेलं. मी स्टुलावर बसले ती बसलेच. त्या कापडाचा माझा एक फ्रॉक होता. आईने एकाच तुकड्यातून तिचा ब्लाउज आणि माझा फ्रॉक काढला होता, मुकुंद झाला त्या सुमारास. बोटीवर मी तोच फ्रॉक घातला होता, आणि तो अजून नैरोबीला माझ्या ट्रंकेत आहे.

"काय झालं अक्का?" मुकुंदने विचारलं. नंजनगूडच्या स्टेशननंतरचं त्याचं ते पहिलं वाक्य.

"हा आईचा आहे," मी म्हटलं.

त्याने तो घेतला. उलटसुलट करून बघितला, कुठे धरावं ते त्याला कळत नव्हतं. सुमाला आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपली धंद्याच्या सवयीने वाकून म्हणाली, "डावा खांदा बघा अण्णा. तीनदा रफू केलाय. दात येणारं पोर खांद्यावर असलं की कापड चावतं. लेकुरवाळ्या बायकांचे ब्लाउज येतात आमच्याकडे, त्यांचं असंच होतं. पण एवढं नाही. हे पोर कोणी खाली ठेवलंच नाही बघा."

मुकुंदने माझ्याकडे बघितलं. "अक्का... मी, की तू?"

"माझ्या फ्रॉकचं कापड आहे हे. पाच वर्षांच्या घोडीला दात येतात का?" मी म्हटलं. "तूच."

साठीला टेकलेल्या माझ्या भावाने त्या दुकानात, परक्या बाईसमोर, तो खांदा तोंडाशी धरला आणि रडला. सुमा उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मीही रडले. नवा ब्लाउज नंतर लॉजवर घालून बघितला. जिथे सैल हवा तिथे सैल, जिथे नको तिथे नाही.

मी काही हे सगळं डोळे मिटून मानलं नाही. दुसऱ्या दिवशी गाडीच्या आधी पुन्हा जाऊन सुमाची उलटतपासणी घेतली. तिच्या सासऱ्यांच्या वेळची, विसरलेल्या मापांची एक पेटी होती म्हणे, आईचा ब्लाउज त्यात असू शकेल. पण काही वर्षांपूर्वी दुकानाचं रंगकाम काढलं तेव्हा ती पेटी तिने स्वतः रिकामी केली होती. समोरच्या दुकानावर कॅमेरा आहे, तो नुसता धाक दाखवायला लावलेला निघाला. सुमाने दुसऱ्याच गिऱ्हाइकाचं माप माझं म्हणून घेतलं असेल? मग ते कापड? नैरोबीला येऊन मी फ्रॉक काढला आणि भिंगाखाली दोन्हीकडचे ठिपके लावून पाहिले. जुळतात. अर्थात तसलं कापड तेव्हा तागेच्या तागे विकलं जात असणार. आणि आम्ही दोघं आहोत हे त्या मुलीला कसं कळलं? साडेबाराला आम्ही नंजनगूडच्या बाकावर होतो. असल्या पुराव्यावर लॅबमध्ये मी कधी सही केली नसती. इकडूनही नाही आणि तिकडूनही नाही.

मुकुंद यातलं काहीच तपासत नाही. ब्लाउज त्याच्या कपाटात आहे, त्याच्या शर्टांच्या घडीत. आत्याचं ते वाक्य त्यानंतर त्याच्या तोंडून एकदाही आलेलं नाही.

विमानात मी त्याची माफी मागितली. स्टेशनवर बोलले त्याबद्दल. तो खिडकीबाहेर बघत होता.

"जाऊ दे अक्का," तो म्हणाला. "तिने विचारलंय ना, भांडत नाहीत ना म्हणून. नाही म्हणून सांगू."

तेव्हापासून आमचं वाजायला लागलं की दोघांपैकी एक जण गप्प होतो. बहुतेक वेळा मीच.