पडदे ओढलेल्या खोलीतली ग्रहमाला

माझा दादा लोकांच्या छताला ग्रह चिकटवतो. हसू नका, हाच त्याचा धंदा आहे. मुलांच्या खोलीत लावायची, अंधारात चमकणारी ग्रहमाला मिळते ना, हिरवट प्लास्टिकची? ती एका खेळण्यांच्या दुकानात विकतात, आणि ज्यांना शिडीवर चढायचा कंटाळा, त्यांच्या घरी जाऊन दादा ती लावून देतो. पोरं त्याला तारेवाले काका म्हणतात.

त्याची कामाची तऱ्हा बघण्यासारखी. घरात शिरला की बूट काढायचे आणि सरळ पोराच्या पलंगावर आडवं व्हायचं. आया बिचकतात, हा माणूस कामाला आलाय की झोपायला! पण निजलेल्या पोराची नजर आधी कुठे जाते ते त्याला बघायचं असतं. तिथे तो शनी लावतो, कारण कड्याचा ग्रह पोरांचा लाडका. मग एकेक ग्रह खिडकीत उजेडात धरायचा आणि लगेच तो घेऊन कपाटात डोकं खुपसायचं, चमकतोय की नाही ते बघायला. एकदा एका आजोबांनी त्याला असा कपाटात अर्धा पाहिला आणि "चोर, चोर" म्हणून घर डोक्यावर घेतलं. हे ऐकून माझी वहिनी इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला.

त्या दोघांना मूलबाळ नाही. त्यामुळे स्वतःच्या घराचं छत कोरंच. कुणासाठी लावणार?

पुढे वहिनीच्या डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, आहेत ते दिवस सुखाचे करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुखाचे कसले डोंबलाचे! तिला उजेडच सोसेना. दिव्याकडे नजर गेली तरी मस्तकात कळ जायची आणि पोटातलं सगळं बाहेर यायचं. खोलीला जाड पडदे लागले. मी शेजारच्या गल्लीत राहते. घरचं आवरून दुपारी तिच्यापाशी जाऊन बसायचे.

एके दिवशी ती दादाला म्हणाली, "अहो, सगळ्या गावाच्या डोक्यावर आभाळ लावलंत. मी दिवसभर या कोऱ्या छताकडे बघत पडलेली असते. मला नाही का लावणार?"

दादाचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्याच दिवशी दुकानातली सगळ्यात मोठी ग्रहमाला घेऊन आला. बाहेरच्या खोलीत उन्हात ठेवून ती उजळवली, मग आत येऊन वहिनीशेजारी आडवा झाला, तिच्याच उशीवर डोकं टेकलं आणि विचारलं, "तुझी नजर आधी कुठे जाते?"

"तुमच्याकडे," वहिनी म्हणाली. मी आपली पाणी आणायला उठले.

दादा शिडीवर चढला, तर ही खालून म्हणते, "आधीच साडेसाती चालू आहे, त्यात तुम्ही शनी आणून डोक्यावर बसवताय!" त्या संध्याकाळी ग्रह असे झळकले म्हणून सांगू! दादा दारात उभा राहून वर बघत होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी सगळं ठार काळं. माल खराब निघाला म्हणून दादाने दुकानमालकाला फोनवर झापलं. मालक म्हणाला, "अरे बाबा, दिवसभर उजेड मिळाला का त्यांना?" दादाने कपाळावर हात मारून घेतला. पोरांच्या खोल्यांत ऊन असतं, दिवे असतात. एकदा लावून निघून आला की रोजच्या उजेडाचा विचार त्याला कधी करावाच लागला नव्हता.

"उद्या काढून टाकतो," तो म्हणाला.

"राहू द्या हो," वहिनी म्हणाली. "पडद्याच्या फटीतून येईल तेवढा उजेड."

आणि खरंच, तिसऱ्या दिवसापासून ग्रह पुन्हा चमकायला लागले. दादा हरखला. मलाही वाटलं, चला, देवाला दया आली.

कसली दया! एकदा मी नेहमीपेक्षा लवकर गेले, तर पडदे सताड उघडे. भर दुपारचं ऊन खोलीत. वहिनी डोळ्यांवर टॉवेल बांधून, भिंतीकडे तोंड करून, उशीत दात रोवून पडलेली. पलंगाखाली ओकारीचं भांडं.

"वहिनी! काय चाललंय हे?"

"वन्सं, ओरडू नका. थोडाच वेळ. ते यायच्या आत ओढून घेते."

"अगं, पण किती दुखतं तुला!"

"दुखतं. पण संध्याकाळी ते आत येतात, वर बघतात, तेवढाच दिवसातून एकदा त्यांचा चेहरा हलका होतो. तुम्हाला माझी शपथ, त्यांना सांगू नका."

शपथ गेली खड्ड्यात. मी पडदे ओढले आणि संध्याकाळी दादाला स्वयंपाकघरातच गाठून सगळं सांगितलं. त्याने तशीच शिडी आणली आणि सगळे ग्रह खाली उतरवले. वहिनीने माझ्याशी अबोला धरला. धरू दे! मी काही हटले नाही.

त्यानंतर दादा रोज सकाळी ग्रह टोपलीत घालून बाहेरच्या खोलीच्या खिडकीत ठेवायचा. संध्याकाळी ती टोपली आत न्यायचा आणि एकेक ग्रह तिच्या हातात द्यायचा. हातातल्या ग्रहाचा मंद उजेड मात्र तिला बाधत नसे. ती प्रत्येकावरून बोटं फिरवायची, नाव ओळखायची, चुकली की दादा चिडवायचा. माझ्याशी बोलायलाही लागली.

शेवटच्या आठवड्यात एके सकाळी तिला झटका आला. डॉक्टर, औषधं, धावपळ, टोपली कोपऱ्यातच अंधारात राहिली. संध्याकाळी जरा शुद्ध आली तशी म्हणाली, "अहो, ग्रह?"

दादाने माझ्याकडे बघितलं. ते उजळलेले नाहीत हे दाखवण्यासाठीच त्याने शनी काढून तिच्या हातात ठेवला. खोलीत काळोख, दारातून आत येईल तेवढंच अंधुक दिसत होतं. ठिपकाभर उजेड नव्हता त्या शनीत, मी दारातून बघत होते.

वहिनीने कडं चाचपलं, ग्रह तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "आज किती छान उजळलाय! तुमचा चेहरासुद्धा दिसतोय."

तिची नजर गेली होती. कधी गेली कोण जाणे, आणि ती आम्हाला कळू देत नव्हती. दादालाही ते त्याच क्षणी कळलं. मला वाटलं, आता हा हंबरडा फोडणार.

"हो ना," दादा म्हणाला. "आज उन्हात जास्त वेळ ठेवला होता." आणि टोपलीत हात घालून त्याने पुढचा ग्रह तिच्या हातात दिला.