शे, शी आणि ही

धुळ्याहून सकाळच्या एसटीने निघायचं, सोनगीरला उतरायचं आणि तिथून रिक्षात दाटीवाटीने बसून गावातल्या शाळेत पोचायचं, हा माझा बरीच वर्षं चाललेला क्रम आहे. रिक्षा भरेपर्यंत मी दिवसाच्या कामांची यादी करते. कुणाच्या वह्या राहिल्या, कुणाच्या घरी फोन करायचा, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कुणाकडे गेली. त्या वर्षी यादीत एक नवं काम वाढलं. ग्लोबल तास.

हे नाव मुख्याध्यापकांनी ठेवलेलं. एका संस्थेचे लोक येऊन आम्हा शिक्षकांना प्रशिक्षण देऊन गेले होते. जग जवळ आलं आहे, खेड्यातल्या मुलांनाही जगाशी बोलता आलं पाहिजे, हे त्यांनी आधी पडद्यावर दाखवलं आणि वीज गेल्यावर तोंडी सांगितलं. जाताना ‘मी जगाचा नागरिक’ असं छापलेलं एक मोठं चित्र दिलं. ते आम्ही पाण्याच्या टाकीशेजारी लावलं, कारण तिथे मुलं सगळ्यात जास्त थांबतात. मला त्यात थट्टा करण्यासारखं काही वाटलं नाही. मी इंग्रजी शिकवते. आठवड्यातून चार तास माझ्याकडे आले आणि मी त्यांचं वेळापत्रक केलं.

त्याच लोकांकडून परराज्यातल्या एका निवासी शाळेचं कळलं. दहावीनंतर दोन वर्षं, देशोदेशीची मुलं एकत्र, राहणं-जेवण-शिक्षण सगळं फुकट, आणि काही जागा आपल्याकडच्या खेड्यांतल्या मुलांसाठी. मला पहिल्या दिवसापासून त्या जागेवर एकच मुलगी दिसत होती. दहावीतली, दुसऱ्या बाकावर बसणारी. प्रश्न विचारायला न घाबरणारी. नकाशात आपणच मधोमध का असतो, ज्यांनी नकाशा काढला ते कुठे राहतात, असलं विचारायची. तिचे वडील आणि मोठा भाऊ सूरतला साड्यांच्या लूमवर. घरी आई आणि आबा, म्हणजे तिचे आजोबा. वावर ती दोघंच बघायची.

मी वडिलांना फोन केला. मागे लूमचा खडखडाट होता, त्यामुळे ते ओरडून बोलत होते.

“मॅडम, बठ्ठं फुकट शे ना?”

“सगळं फुकट.”

“मंग लागली तिची जागा ते जाऊ द्या. नही लागली ते आखाजीनंतर मी तिले सूरतले लई येस. आम्ही दोघं बापलेक किती दिवस मेसनं खावानं?”

म्हणजे हिशेब सरळ होता. जागा, नाहीतर अक्षय्य तृतीयेनंतर सूरतच्या खोलीतली चूल. धुळ्याच्या कॉलेजचं मी सुचवून पाहिलं. रोजचं जाणं-येणं, मुलीची जात, कोण बघणार, असं म्हणून त्यांनी ते दोन वाक्यांत संपवलं.

तयारीला लागलो. आणि पहिल्याच तासाला अडलो ते एका अक्षरावर.

आमच्याकडे घरोघरी अहिराणी. ‘आहे’ला अहिराणीत ‘शे’. मना बाप सूरतमा शे. मुलं इंग्रजी बोलायला उभी राहिली की डोक्यात वाक्य अहिराणीचं आणि शब्द इंग्रजीचे. एकजण उठून ठणकावून म्हणाला, “माय फादर शे इन सूरत.” पाहुणे म्हणून आलेल्या प्रशिक्षकांनी त्याला हसून दुरुस्त केलं, “नॉट शी. ही.” मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “काय रे, तुना बाप बाई व्हयना का?” वर्ग खो खो हसला.

तेव्हापासून शे हा खेळच झाला. कुणाच्या इंग्रजीत शे निघाला की सगळा वर्ग एका सुरात “धरा रे” म्हणायचा. नियम मुलांनीच केलेला आणि मुलंच तो कडक पाळायची. त्यात ‘शी’चीही भर पडली. एका मुलीने “माय मदर, शी…” म्हणताच शेजारीण म्हणाली, “मायले शी म्हनस? लाज नही वाटस तुले?” मी समजावलं, फळ्यावर तक्ता काढला, बाईला शी, पुरुषाला ही. तक्ता सगळ्यांना पाठ झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात शे ऐकू येईनासा झाला, तसं मी प्रगतीच्या रकान्यात लिहिलं.

अर्ज, निबंध, फोनवरची पहिली फेरी, सगळं तिने पार केलं. शेवटची मुलाखत जळगावला होती. विचारणारे लांब कुठेतरी बसून पडद्यावर दिसणार होते. मुलीबरोबर आबा आले. पांढरी टोपी, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. एसटीत ते माझ्या मागच्या बाकावर होते.

“मॅडम, त्या परदेशी लोके जयगावले येतीन का?”

“नाही आबा. ते पडद्यावर दिसतील.”

“मंग तो पडदा धुयामा नही लागस का? इतलं लांब कसाले जानं?”

मी म्हटलं, त्यांची व्यवस्था तिथेच आहे. आबा म्हणाले, “व्यवस्था,” आणि एरंडोलपर्यंत झोपले.

तिथे एका सभागृहात टेबल, टेबलावर लॅपटॉप, समोर पडदा. शिक्षकाला मागे बसायची परवानगी होती. बोलायची नव्हती. आबा बाहेर बाकड्यावर. पडद्यावर तिघं होते, दोन बाया आणि एक पुरुष, सगळे चांगले, हसतमुख. पाणी वगैरे प्यायलीस का, असं विचारणारे. पहिले प्रश्न तिने छान सोडवले. पाऊस, कापूस, शाळा. मग एका बाईने विचारलं, तू सगळ्यात जास्त कुणाला मानतेस?

“माय मदर,” ती म्हणाली. आणि थांबली. मला तिची पाठ दिसत होती. “ही गेट्स अप व्हेरी अर्ली. ही गोज टू फील्ड.”

“युवर फादर?”

“नो मॅडम. माय मदर. ही…” पुन्हा थांबली. “ही वर्क्स अलोन. माय फादर इज इन सूरत.”

पडद्यावरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुरुषाने सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, हे वडिलांबद्दल चाललं आहे की आईबद्दल? तिने पुन्हा आईच सांगितली आणि पुन्हा ही. मराठीत ही म्हणजे बाईच. ही माझी आई. त्यामुळे जीभ तिथे बिनधोक जात होती. ‘शी’च्या दाराशी मात्र पूर्ण वर्ग “धरा रे” म्हणत उभा होता. प्रत्येक दुरुस्तीला तिचा आवाज खाली गेला. शेवटी आईबद्दलचा प्रश्नच त्यांनी सोडून दिला. तेव्हा मी हात वर केला. त्यातली एक बाई म्हणाली, “मॅम, प्लीज, लेट द कॅंडिडेट स्पीक.” पण मुलगी बोलायची थांबलीच होती. तिचा वेळ संपला.

बाहेर आबांनी विचारलं, “काय व्हयनं?”

“बरं व्हयनं,” ती म्हणाली.

परतीच्या एसटीत पारोळ्यानंतर ती माझ्या शेजारी येऊन बसली. खिडकीकडे बघत म्हणाली, “मॅडम, मला येत होतं. तक्ता पाठ आहे. पण तोंडात आलं की वाटायचं, शे निघतोय.”

मी म्हटलं, एका शब्दावर कुणी ठरवत नाही. ते मला तेव्हा खरं वाटत होतं.

काही आठवड्यांनी नकाराचा ईमेल आला. मुलगी चुणचुणीत आहे, पण स्वतःच्या कुटुंबाबद्दलची उत्तरं गोंधळलेली आणि कदाचित पाठ केलेली वाटली, असं त्यात होतं. मी उत्तर लिहिलं. मुद्दे पाडून, अहिराणीतला शे म्हणजे काय, मराठीतली ही म्हणजे काय, गोंधळ कुठून आला, सगळं. दोन ओळींचं उत्तर आलं. माहिती रोचक आहे, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी शुभेच्छा. मुख्याध्यापकांनी ते वाचून विचारलं, “म्हणजे पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा बोलावतील, नाही का?”

दहावीची परीक्षा तिला चांगली गेली. मी घरी गेले. जाताना सोबत सगळे पर्याय घेऊन गेले होते. वसतिगृह, शिष्यवृत्ती, मुलींचा एसटीचा पास. तिची आई दारात चवळी निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, मी एकटी काय बोलू? त्या दोघं तठे उपाशी शेतस. आन मना शब्द कोन ऐकस?”

मुलगी आत होती. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन, आणि तेवढंच.

आखाजीला झोके बांधले, माहेरवाशिणी आल्या-गेल्या, आणि त्यानंतर ती सूरतला गेली. मधून मधून फोन करायची. सकाळी दोघांचे डबे, मग भांडी, मग खोलीत बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम. नगाप्रमाणे पैसे. साड्या पुढे दुबईला जातात, असं वडील सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. एकदा बोलता बोलता तिने दारावर आलेल्या माणसाशी भराभर गुजरातीत हुज्जत घातली. मी फोन धरून ऐकत होते. इतक्या थोड्या दिवसांत इतकी गुजराती. भाषा तिला लवकर येते, हे मी तिच्या शिफारशीत लिहिलंही होतं.

मी म्हटलं, “सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बारावी देता येते. मी सगळं बघते.”

“हो मॅडम.”

“पुस्तकं पाठवू?”

“हो मॅडम.”

“करशील ना पण?”

“हो मॅडम.” मग म्हणाली, “इथे बसायला जागा नाही मॅडम. पण पाठवा.”

गावातला एकजण जाणार होता, त्याच्याबरोबर पाठवली. विषयवार गठ्ठे बांधून, कोणतं आधी वाचायचं ते वर लिहून. नंतर तिचे फोन कमी झाले. मी केला तर बहुतेक वेळा भाऊ उचलायचा आणि ती कामात आहे म्हणायचा. अर्जाची मुदत आली आणि गेली.

पावसाळ्यानंतर आबा सूरतला जाऊन आले. शाळेच्या फाटकाशी भेटले तेव्हा मी पुस्तकांचं विचारलं.

“शेतस ना. बठ्ठी शेतस,” ते म्हणाले. “खोलीमा खाले ओल येस, मॅडम. साड्यास्ना गठ्ठा खराब व्हतस. म्हनीसन तिनी पुस्तकं खाले मांडेल शेतस, त्यावर फळी, आन फळीवर साड्या. हुशार शे पोर.”