कोनी पोर शे तू?

जमादारांना हळू बोलता येत नसे. धुळ्याच्या बाजारात त्यांनी मेथीची जुडी घेतली तरी तिचा भाव पलीकडच्या गल्लीत कळायचा. तुरुंगाच्या चौकात वर्षानुवर्षं हजेरी पुकारून गळा तसाच होऊन बसला होता. कोणी म्हटलंच, की जमादार, जरा हळू, तर उत्तर ठरलेलं: "हळू बोलनाराना पोटमा पाप राहस." माझं सगळं लहानपण या एका गळ्याच्या धाकात गेलं. कारण आमच्या घरातलं काय ते त्यांना ठाऊक होतं.

माझे वडील आत होते. गावी बांधावरून भांडण पेटलं आणि त्यांनी चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली. तो वाचला, पण वडिलांना सजा लागली. आई मला घेऊन धुळ्याला आली, कापसाच्या जिनात कामाला लागली आणि गल्लीत सांगून टाकलं, की मालक सुरतेला गिरणीत असतात. मला दम भरला, की खरं बाहेर पडलं तर ही गल्लीही सोडावी लागेल. "मंग तुनी शाळा बंद," ती म्हणाली. गावी पोरींना शाळेत घालतंय कोण? इथं मी पहिल्यांदा पाटी हातात धरली होती. त्या धमकीनं मी झोपेतसुद्धा ओठ घट्ट मिटून पडायची, असं आई सांगे.

आमच्या खान्देशात वडीलधारी माणसं पोराला त्याचं नाव विचारत नाहीत. कोणाचं ते विचारतात. भेटीच्या दिवशी तुरुंगाच्या दारात जमादारही तेच विचारत, "कोनी पोर शे तू?" मी वडिलांचं नाव पुटपुटायची. "जोरमा बोल," म्हणून ते स्वतःच ते नाव पुकारायचे. भेटीत वडील काय बोलत ते मला आज काही केल्या आठवत नाही. मी सारखी रस्त्याकडे बघायची, कोणी ओळखीचं जात नाही ना.

अशा माणसानं एका जूनमध्ये थेट आमच्या वर्गात यावं, याला काय म्हणावं! तुरुंगातले शिपाई आपल्या पगारातून वर्गणी काढून जवळच्या शाळेतल्या पोरांना पाट्या, पेन्सिली, वह्या वाटत. ही कल्पना जमादारांचीच. त्याचं कारणही ते सांगत: "बठ्ठास्ना आंगठा धरी धरी मना हात काया व्हई गया." कैद्याला सही येत नसली की अंगठ्याला शाई लावून तो कागदावर दाबायचं काम त्यांच्याकडे असे. त्याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता.

मास्तरांनी आम्हाला ओळीत उभं केलं. खाकी कपडे बघूनच पोरं रडकुंडीला आली, कारण घरोघरी 'गप बस, नाहीतर जमादार नेईल' हाच मंत्र चाले. जमादार एकेकाला विचारत, "कोना पोर शे तू?" पोरगं म्हणे, टांगेवाल्याचं, तेल्याचं, आणि पाटी घेऊन पळे. ओळ पुढे सरकत होती.  

"कोनी पोर शे तू?"

गेल्याच आठवड्यात हाच प्रश्न, हाच गळा. मी पाट्यांच्या चळतीकडे बघत राहिले. मागं शेजारची सिंधू उभी होती. ती आगाऊ मेली मदतीला धावली. "तिना बाप सुरतले शे, गिरनीमा."

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मिशीचं टोक दातात धरलं. मी डोळे मिटले.

"सुरतले का?" ते गरजले. "दूर शे. ले, पाटी ले. फोडू नको."

सबंध शाळेसमोर, पुऱ्या गळ्यानं ते खोटं बोलले. पाटी घ्यायला मी हात पुढे केलाच नाही, ती त्यांनीच माझ्या काखेत अडकवली.

भीती गेली म्हणाल तर नाही. उलट वाढली. आता गुपित सांभाळणाऱ्यांत एक असा होता, ज्याला हळू बोलता येत नव्हतं. दर जूनला मी तापानं फणफणायची. जमादार मात्र तुरुंगाच्या दारात मला नव्यानंच बघितल्यासारखे विचारत, आणि वर्गातही तसंच. कधी डोळा मिचकावला नाही, की डोक्यावरून हात फिरवला नाही. त्याचाही मला रागच यायचा.

वडील सुटून आले. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारात निघालो, बरोबर सिंधूची आई. समोरून जमादार आले. त्यांना बघताच वडिलांच्या टाचा जुळल्या, मान खाली गेली, हात मांड्यांना चिकटले. सिंधूची आई टक लावून बघत होती. संपलं सगळं, मला वाटलं.

"राम राम भाऊ," रस्त्यापलीकडून आवाज आला. "सुरतहून कधी उनात?"

आत त्यांना नंबरानं हाका मारणारा माणूस भर बाजारात 'उनात' म्हणाला, 'आलात' असं मानानं. वडिलांनी मान वर केली. "काल," ते म्हणाले.

पुढे वडील ओट्यावर बसून सुरतेच्या गोष्टी सांगत. गिरणीचा भोंगा, तापीचा पूर, सगळं. सुरत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. मी शेजारी जीव मुठीत धरून ऐकायची.

जमादार पेन्शनीत निघून आपल्या गावी गेले. मी शेवटच्या इयत्तेत होते तेव्हा ते वारल्याचं कोणीतरी सांगत आलं. वडील मोरीत गेले आणि घरचं माणूस गेल्यावर घेतात तसं डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या अंगानं बाहेर आले, तर दारात सिंधूची आई.

"कोन मरनं, भाऊ?"



"आमना सुरतना मुकादम," वडील म्हणाले, आणि तोंडावर हात घेऊन हमसून हमसून रडले.