माडीवरची रंगीत वही

किस्से काही ठरवून होत नाहीत. आगरात झावळ्या पडतात तसे पडतात. एक पडली, उचलून गडग्याला लावली. दुसरी पडली, तिच्यावर टाकली. आणि एक दिवस बघावं तर हा ढीग. आमच्या मांडवीच्या घरात, माडीवर, शिमग्यापासून असाच ढीग झाला. तो मी सांगते. मी बोलते, फोन लिहून घेतो आणि नात सायली मागाहून तपासते. तेव्हा चुका निघाल्या तर तिच्या.

सायली शिमग्याला बंगळूरहून आली ती परत गेलीच नाही. तिचं काम काय, ते मला कळलं तेवढं सांगते. प्रोग्रॅम लिहिणारे लोक कॉम्प्युटरवर एका वहीत लिहितात. तिला एडिटर म्हणतात. वही शहाणी असते. शब्द रंगवते, चुकलं तर दाखवते, पुढचा शब्द सुचवते. पण एक नवीन भाषा निघाली आहे, ती या वहीला येत नव्हती. त्या भाषेत लिहिलं की वही आपली गप्प. सगळं काळं. तिला ती भाषा शिकवायची, हे सायलीने अंगावर घेतलेलं. जोडीला नदीम, राजिवड्याचा, तिच्याबरोबर कॉलेजात होता.

ही वही सांभाळणारी बाई परदेशात. मार्टा. तिने यांचं काम वहीत घेतलं, तर त्या नव्या भाषेची कंपनी सायलीला इथेच घरी बसून कायमचं काम देणार होती. नाही घेतलं, तर परत बंगळूर. माझा मुलगा विजय, म्हणजे सायलीचा बाप, ऑफिसात हेडक्लार्क आहे. त्याने मुदत घातली, "गणपतीपर्यंत बघ. पुढे मी काही ऐकणार नाही." आणि माळ्यावरून तिची सुटकेस काढून ओटीवर ठेवली. वारा लागू दे म्हणाला.

* * *

वहीला पहिले रंग आले त्या दिवशी मी घावणे घेऊन वर गेले. पडद्यावर रंगपंचमी. काही शब्द निळे, काही हिरवे, आणि मधूनमधून लांबच्या लांब भडक केशरी ओळी.

"या केशरी कोण गो?"

"त्या कॉमेंट, आजी. माणसांसाठी लिहिलेल्या टिपा. मशीन त्या वाचत नाही."

"मग ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांनाच एवढं नटवलंत?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत केशरी ओळी राखाडी झाल्या होत्या. डोळ्यांना पण बरं वाटलं.

चार दिवसांनी जेवताना विजय सुरू झाला. पीएफ, ग्रॅच्युइटी, माणसाला एक स्थैर्य लागतं, वगैरे. आमटी निवली तरी थांबेना. सायली पानातून मान वर न करता म्हणाली, "नदीम, बाबा राखाडी झाले."

"काय झालो?" विजय म्हणाला.

त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.

* * *

मग वहीला चुका दाखवायला शिकवलं. मी बघत होते. सायलीने दोन अक्षरं लिहिली की खाली लाल नागमोडी रेघ. तिसरं लिहिलं, आणखी एक रेघ. ओळ पुरी व्हायच्या आत सगळं लालेलाल.

मी म्हटलं, "अजून हिचं बोलणं व्हायचंय, आणि वही चिडली पण?"

"चूक लगेच दाखवायची असते, आजी," नदीम म्हणाला.

"आमच्या सासूबाई तशाच होत्या. भाकरी हातावर असतानाच म्हणायच्या, करपणार. मग करपायचीच. अरे, हात थांबू दे माणसाचा. मग सांग काय ते."

नदीम दोन दिवस खपला. आता लिहिणाऱ्याचा हात थांबला, की क्षणभराने रेघ येते. मार्टाला हे फार आवडलं. कोणाला सुचलं, तिने विचारलं. नदीम म्हणाला, "आमच्या एक सीनिअर आहेत."

त्या रात्री नदीम जेवायला इथेच होता. बांगड्याच्या तिखल्याचा पहिला घास त्याने तोंडात घातला आणि मी विचारलं, "मीठ बरं आहे ना रे?"

त्याने एक बोट वर केलं. घास चावला, गिळला, पाणी प्यायला. मग म्हणाला, "आजी, हात थांबला नव्हता."

* * *

नदीम पोरगा गुणी, पण फाटक लावत नाही. कधीच नाही. एकदा गाय आत शिरली आणि माझा पडवळाचा वेल मुळापासून खाऊन गेली.

मी वर जाऊन उभी राहिले. दोघं कंसांवर भांडत होते. प्रोग्रॅममध्ये कंस उघडला की तो बंद करावा लागतो, नाहीतर सगळं कोसळतं. माणसं विसरतात, म्हणून वहीने तो आपणहून बंद करायचा. आणि नदीम सांगत होता, "माणसाच्या भरवशावर सोडता येत नाही हे."

"खरं आहे," मी म्हटलं. "खाली ये आणि पडवळ बघ."

त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यानेच फाटकाला दोरी बांधली, दोरीला धोंडा लावला. फाटक आपोआप बंद. पण आता त्याला सवय लागली होती लक्षात ठेवून फाटक ओढायची. धोंडाही ओढतोय, हाही ओढतोय, आणि फटीत त्याची बोटं.

तो बोटं चोखत वर आला. सायली त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, वहीत पण हेच होतंय. तिने कंस बंद केला, तरी माणूस सवयीने आणखी एक लावतोय."

बोटांना हळद लावून त्याने ते त्याच दुपारी दुरुस्त केलं. फाटकाचा धोंडा मात्र तसाच आहे.

* * *

शब्द सुचवायचं काम सगळ्यात चेंगट. एक अक्षर लिहिलं की वही चाळीस नावं पुढे करी.

मी नदीमला म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर बंदरावर चल."

हलिमा आमची नेहमीची मासेवाली. तिच्यापुढे वीस तऱ्हेची मासळी असते. पण मी टोपलीपाशी वाकले की ती बांगडाच उचलते, कारण परवा मी बांगडा नेला, तेरवाही नेला. दुसरा हात कोळंबीवर, कारण पोरांना आवडते. बाकीचं झाकलेलं.

नदीम फोनमध्ये टिपून घेत होता. हलिमा म्हणाली, "हा काय लिहितो गो, सुनंदाबाय? टॅक्सवाला काय?"

"नाही गो. तुझी अक्कल कॉम्प्युटरात घालतोय."

"घालू दे की. पण सुट्टे पैसे आणलेत ना त्याने?"

आता वही आधी तेच सुचवते जे माणसाने नुकतं वापरलंय. नदीमने त्या भागाला आतल्या आत हलिमाचं नाव दिलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "मग तुझ्या त्या हलिमालाच विचार आज सुरमई आहे का ते."

* * *

श्रावणात मार्टाचा निरोप आला. नाही. बाकी सगळं छान, पण नाव बदलायचं काम धड होत नाही, ते होईपर्यंत वहीत घेता येणार नाही.

सायली जिन्यात बसून राहिली. विजयने सुटकेसच्या चाकात तेल घातलं, आणि ओटीवर एकदा फिरवून बघितली.

मी नदीमला विचारलं, "कसलं नाव?"

त्याने समजावलं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक गोष्टीला नाव असतं. ते बदलावंसं वाटलं, तर वहीने सगळीकडे एका झटक्यात बदलायचं. पण तेच नाव दुसरीकडे दुसऱ्याच कोणाचं असेल, तर त्याला हात लावायचा नाही. यांची वही दिसेल त्याला बदलत सुटली होती.

"त्यात काय? माझं नाही का बदललं?"

सायलीने मान वर केली. हे तिलाही माहीत नव्हतं.

माहेरी, केळशीला, मी यमुना. लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं. मला कुठे वाचता येतंय? मी तांदळांकडे नुसती बघत बसले. तेव्हा हे वाकून कानात म्हणाले, "सुनंदा." त्या घटकेपासून घरात सगळ्यांच्या तोंडी सुनंदा. सासू, दीर, जाऊ, रेशनकार्ड. पण शेजारच्या घरात एक यमुनाकाकू होत्या. त्यांना कोणी सुनंदा म्हटलं नाही. त्या त्यांच्या घरच्या, मी या घरची.

"हे आम्हाला कळतं, आजी," नदीम म्हणाला. "वहीला जमत नाही."

"मग तिला माझं लग्न लावायला बसवा. जमेपर्यंत उठवू नका."

आणि खरोखरच त्यांनी तसं केलं. चाचणीसाठी दोन घरं लिहिली, दोन यमुना, सासूबाई, दीर, सगळी मंडळी. मी रोज चहा घेऊन वर जायची आणि विचारायची, "आज लग्न कसं झालं?"

"शेजारच्या काकूपण सुनंदा झाल्या," नदीम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, "आज सासूबाई नवं नाव विसरल्या."

"त्या विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. परत बघ."

दर वेळी बिघडलं की नदीम एक मागे जायचं बटण दाबी. लग्न नाहीसं, सगळं होतं तसं. असलं बटण मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"तुमच्या वेळी असतं तर दाबलं असतंत?" नदीमने विचारलं.

"कशी दाबणार? सासूबाई बघत होत्या."

शेवटी एकच गोष्ट राहिली. माझा दादा केळशीहून पत्र पाठवायचा, ते मी सांगितलं म्हणून या दोघांनी चाचणीत घातलेलं. वही पत्रातलंही यमुना बदलून टाकत होती.

"ते कसं बदलेल?" मी म्हटलं. "ते त्याने लिहिलंय. तो शेवटपर्यंत यमुनाच लिहायचा. हे मला वाचून दाखवायचे, तेव्हा तेही यमुनाच वाचायचे."

सायलीने लॅपटॉप पुढे ओढला. मग लिहायला लागली.

* * *

गणपतीला चार दिवस राहिले आणि मार्टा स्वतः पडद्यावर आली. आपल्याकडे दुपार, तिच्याकडे सकाळ. पांढरे केस, माझ्याहून थोडी लहान असेल. मी कोपऱ्यात वाती वळत बसले. विजय जिन्यात उभा होता. दिवा लागत नाही, तो बघतोय म्हणाला.

मार्टाने आमची दोन घरं उघडली आणि स्वतःच्या हाताने नाव बदललं. मला वाचता येत नाही, पण शब्दांचा आकार पालटलेला दिसला. एक, दोन, पाच, सात जागी. शेजारच्या घरात काही हललं नाही. दादाचं पत्र तसंच राहिलं.

ती काहीतरी म्हणाली. सायलीने सांगितलं, "विचारते आहे, ही माणसं खरी आहेत का?"

सायलीने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. मी वातीचा हात वर केला. मग सायलीने तिला तांदळाचं ताट समजावलं. त्याला बराच वेळ लागला.

"आमच्याकडे नुसतं आडनाव बदलतात, असं म्हणते," सायली म्हणाली.

"मग तुमची वही सोपी, म्हणावं."

मार्टा हसली, आणि मग एकच शब्द बोलली. सायलीने तो मला सांगितलाच नाही. नदीमच्या पाठीत जोरात धपाटा घातला, त्यावरून मी समजले, घेतलं.

जिन्यातून विजय म्हणाला, "घेतलं म्हणजे? लेखी देणार का?" जरा वेळाने ओटीवरून त्याचा आवाज आला, "नदीम, खाली ये रे जरा. ही सुटकेस माळ्यावर टाकायला हात लाव."

नदीम गेला. मार्टाचं अजून संपलं नव्हतं. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांची नावं वहीत असतात, कायमची, जगात कोणीही उघडून बघावीत अशी. ही चाचणी आजींची आहे, त्यांचं नाव हवं, असं तिचं म्हणणं.

सायलीने बोटं टेकवली. "आजी, सुनंदा लिहू ना?"

पडद्यावर त्या सात जागा अजून तशाच होत्या, मार्टाने बदललेल्या.

मी म्हटलं, "आधी ते मागे जायचं बटण दाब. मग लिही."

तिने दाबलं. सातही जागी माझं माहेरचं नाव परत आलं. मग लिहिलं. मला कुठे वाचता येतंय? तेव्हा ती वाकून कानात म्हणाली.