‘वाजवायचं नाही’ नावाचा फोल्डर

लातुरात क्लासेसच्या गल्लीत, एका क्लासच्या डोक्यावर माझा स्टुडिओ होता. धंदा म्हणाल तर रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या जाहिराती. जीव मात्र आवाजांच्या संग्रहात. हलगी, संबळ, दिमडी. एकेक थाप वेगळी कापायची, तिला नाव द्यायचं आणि कॉम्प्युटरवर आपापल्या फोल्डरात लावायची. गाणं करताना हवी ती पटकन हाताशी येते. घरात माझे कपडे कधी जागेवर नसत, इथं मात्र एक टिचकीही इकडची तिकडं झालेली मला खपत नसे.

हलगी सगळी मामांची. नात्यातले नव्हेत, भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या एका गावचे म्हातारे हलगीवाले. हलगीचं कातडं शेकून ताठ करायला मी इलेक्ट्रिक शेगडी पुढं केली, तर त्यांनी जिन्यात कागद पेटवले. खालच्या क्लासातली पोरं खोकून बेजार झाली. लग्नाचे, जत्रेचे सगळे ठेके वाजवून झाल्यावर मामा म्हणाले, “आता एक मर्तिकाचा. भूकंपात धाकटा भाऊ गेला. एकेका सरणावर किती माणसं, कोन कुनाला वाजवनार? त्याचं राहिलंय.”

वाजवून झालं तेव्हा त्यांनी डोळे पुसले. “हे कुठं वाजवायचं न्हाई, भाऊ. नुस्तं ठिवायचं.”

“हाव, मामा,” मी म्हणालो. फोल्डरला नावही तेच दिलं.

त्या वेळी माईक धरून बसला होता माझा नांदेडचा भागीदार. पुढं त्यानं नांदेडात स्वतःचा स्टुडिओ टाकला. जाण्याआधी म्हणाला, “तुझा संग्रह आणखी नीट लावून देतो, डिस्क दे.” आठ दिवसांनी सगळे आवाज लयीच्या वेगाप्रमाणं लावून आणले. तो एक फोल्डर जसाच्या तसा होता. मला इतका आनंद झाला की मी त्याला पेढे खाऊ घातले. पेढे! आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

निकालाचे दिवस होते. मामा काही कामानं लातूरला आले होते, आम्ही खाली टपरीवर चहा पीत होतो. समोरून भोंगा लावलेली क्लासची रिक्षा आली. “आमचे यशवंत विद्यार्थी!” आणि त्या आवाजामागं हलगी. दोन थापांतच मी ओळखली. टपरीवरची पोरं ठेक्यावर पाय आपटू लागली. मामांनी कप ठेवला, चपला काढल्या आणि रिक्षा वळेपर्यंत तापल्या डांबरावर हात जोडून उभे राहिले.

मी तिथूनच भागीदाराला फोन लावला.

“अरे, तुझ्या फोल्डरला हात लावला नाही मी,” तो म्हणाला. “माझ्याकडची कॉपी वापरून राहिलो. पब्लिकला काय कळतंय? लई जोरात बसलाय ठेका.”

मी तोंडाला येईल ते बोललो. त्याला मी अजून माफ केलेलं नाही, करणारही नाही.

मामा चपला घालत होते.

“मामा, शपथ घेतो, मी न्हाई दिलं ते कुणाला.”

“तुमी न्हाई दिलं, खरं हाय,” ते म्हणाले. “पर ठिवायला तुमालाच दिलतं, भाऊ.”